डाव्या मडगार्डचा ठोका

कृष्णवेणी, भिंतीला चिकटू नको गं, भिंत काही तुला वाचवायची नाही. आणि तो इंग्रजी शाळेतला मोठा हसतोय ना? हसून घे बाबा. मागीलदारी एकट्यानं जायचंय तुला अजून.

मी तिसरीत दोनदा बसलेला माणूस, मला काय कळतं! हे मला सांबशिव मेस्त्रीनं सांगितलं. आपल्या तंजावूरच्या राजवाड्यामागं मोटारी दुरुस्त करतो तोच. थाप मारायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडं नाही. ती सगळी माझ्याकडं आहे.

सन छत्तीस. पौषातली अमावास्या. दिवेलागणीला जयतीर्थराव आपली मोटार घेऊन सांबशिवाकडं आले. राव म्हणजे जमीन, पोट आणि संगीताचं वेड. बरोबर त्यांचा ड्रायव्हर चिदंबर. तो माझ्याच वळणाचा, थट्टेखोर. फरक इतकाच, माझ्या थट्टेनं अजून कुणी मेलं नाही.

"मेस्त्री, पुढं डावीकडं ठकठक वाजतं. तिसऱ्यांदा आलो हां!"

पहिल्या खेपेला सांबशिवानं स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट बदलले होते. दुसऱ्या खेपेला बुश आणि किंगपिन. आज त्यानं जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. चाक जागचं हलेना.

"वाजतं केव्हा?"

"रात्री. तिरुवैयारुहून येताना. कुडमुरुट्टीचा पूल ओलांडला की सुरू, वेण्णारच्या पुलावर बंद."

सांबशिव गाडीखालून बाहेर आला. "राव, ढिला बोल्ट खड्ड्याखड्ड्यात वाजतो. त्याला पूल कसे ठाऊक?"

"ते मला काय विचारतोस? पण वाजतं सुरेख हो. मिश्र चापु, सात मात्रांचा!" रावांनी मांडीवर ताल धरला. तकिट, तकधिमि. तकिट, तकधिमि.

चिदंबर उगीच काच पुसू लागला. त्याला ठाऊक होतं.

महिन्याभरापूर्वी तिरुवैयारुला कचेरी होती, गाण्याची मैफल. म्हातारा रामस्वामी मृदंगाला. कचेरी संपल्यावर म्हातारा म्हणाला, "चिदंबर, तंजावूरपर्यंत ने रे." चिदंबर म्हणाला, "तुम्ही चला, तात्या. पण हा ढोल गादी फाडेल." म्हातारा मृदंग गळ्यात अडकवून चालत निघाला. त्याच्या डाव्या पंजाला रवा तसाच होता. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओला रवा थापतात, आवाज खोल निघतो.

कुडमुरुट्टीचा पूल ओलांडला आणि मागून मोटार आली. मागं राव पेंगत होते. म्हातारा कडेनं चाललेला पाहून चिदंबरला लहर आली. दचकवू या जरा म्हाताऱ्याला! त्यानं गाडी अंगावर घातल्यासारखी केली. एक हिसका बसला... आणि मग डावीकडं ठक, ठक.

"काय रे ते?" राव जागे झाले.

"बोल्ट ढिला असेल, यजमान."

वेण्णारच्या पुलावर चिदंबर उतरला. मृदंगाचा पट्टा पुढच्या पाट्यात अडकला होता. पट्ट्याला म्हातारा. इतका वेळ थांबा, थांबा म्हणून मडगार्डवर थापा मारत आलेला. हात अजून हलत होता.

अजून हलत होता, ऐकलंत?

चिदंबरनं पट्टा कापला. म्हाताऱ्याला मृदंगासकट वेण्णारच्या काठच्या लव्हाळ्यात ढकललं. हात पुसून गाडीत बसला. "बोल्टच होता, यजमान. घट्ट कसला." गावाला वाटलं, रामस्वामी पापनाशमला मुलीकडं गेला.

"एक उपाय आहे," सांबशिव म्हणाला. "कुणीतरी मडगार्डवर बसून पत्र्याला कान लावायचा. मीच बसतो. आणि वेण्णारला उतरून कंदिलानं बघू."

वेण्णारला कंदील!

"तुम्ही कशाला, मेस्त्री?" चिदंबर घाईनं म्हणाला. "मी बसतो." पुलाच्या आधीच 'सापडला' म्हणून ओरडायचं, म्हणजे वेण्णारला उतरायलाच नको, असा त्याचा बेत.

राव स्टिअरिंगच्या चक्रावर बसले. सांबशिव मागं. तिरुवैयारुपर्यंत जाऊन परत फिरले. काळोख असा की बैलाची शिंगं बैलाला दिसू नयेत. चिदंबर डाव्या मडगार्डवर पालथा, गळ्यात अंगवस्त्र, पत्र्याला कान.

कुडमुरुट्टीचा पूल मागं पडला.

ठक.

आवाज बोल्टातून नव्हता. पाट्यातून नव्हता. पत्र्याच्या आतल्या अंगानं... बरोबर कानाखाली. पंजाचा.

"सापडला! यजमान, साप..."

अंगवस्त्राला खालून कुणीतरी ओढलं. हळूच. थट्टेत ओढावं तसं.

मग पुन्हा.

पदर पाट्यात गेला. गळा आवळला. चिदंबर घसरला, चाकाजवळ लोंबला. आवाज निघेना. एक हात मोकळा. त्यानं मडगार्डवर थाप मारली.

ठक. ठक ठक.

"वा!" राव म्हणाले. "आज काय स्पष्ट!"

"राव, थांबवा. चिदंबर दिसत नाही."

"वाकून ऐकत असेल. अरे, आवर्तन पुरं होऊ दे!"

ठक ठक ठक... ठक ठक ठक ठक.

चिदंबरला कळलं, हात आता आपला नाही. थापा तालात पडताहेत. तकिट... तकधिमि... राव खूश. चक्रावर बोटं नाचताहेत.

तकिट...

...

वेण्णारच्या पुलावर आवाज बंद झाला. राव हळहळले.

सांबशिव कंदील घेऊन उतरला. चिदंबरमध्ये थोडी धुगधुगी होती. लव्हाळ्याकडं बोट दाखवून, तुटक तुटक, त्यानं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "मेस्त्री, मी थापा मारत होतो... तुम्हाला ऐकू आलं नाही?"

सांबशिवानं त्याचे डोळे मिटले. ऐकू तर आलंच होतं.

मोटार त्यानंतर कधी वाजली नाही. रावांनी ते मडगार्ड तेवढं काढून टाकायला लावलं. सांबशिवाच्या दुकानात मागच्या भिंतीला टांगलंय, उद्या जाऊन बघा. आतल्या अंगाला रव्याची एक गोल चकती आहे, वर पाच बोटं उमटलेली. सहा उन्हाळे गेले. मेस्त्रीनं तीनदा खरवडून काढली.

काल मी बोट लावून पाहिलं...

ओली आहे.