शोकसभेची तारीख

सरकून बसा जरा, ज्युनियर मंडळी. सकाळी तुम्ही विचारलंत ना, आपल्या वकील संघाच्या शंभरीच्या पुस्तकात जुन्या ठरावाचं एकच पान काळ्या चौकटीत का छापलंय? सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आपले जुने सेक्रेटरी माझे मित्र. पुस्तक त्यांनीच लिहायला घेतलं होतं. गेल्या वर्षी, सोळा तारीख, गुरुवार. सभांची जुनी इतिवृत्तं चाळायला ते रात्री आठला कोर्टातली आपली वकिलांची बाररूम उघडून बसले. घरी सांगून आले होते, "तासाभरात येतो, जेवायला थांबा."

चाळता चाळता तीस वर्षांपूर्वीचा ठराव निघाला. शाळकरी मुलीच्या खुनाचा खटला होता, गाव खवळलेलं. संघाने ठरवलं, आरोपीचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. सेक्रेटरींच्या सीनियरांनी, आमच्या अण्णांनी, ते घेतलं. म्हणाले, "त्याच्या बाजूने कोणीच उभं राहणार नसेल, तर हे काळे कोट घालायचे कशाला?" संघाने अण्णांना काढून टाकलं. हात वर करून. पहिला हात त्यांच्या ज्युनियरचा, म्हणजे सेक्रेटरींचा. दुसरा माझा. खोटं कशाला बोलू?

पुढे खरा खुनी सापडला, आरोपी सुटला. तोवर अण्णा गेले होते. सभासद गेला की आपण काम थांबवतो, जमतो, दोन मिनिटं उभे राहतो. अण्णांसाठी कोणी उभं राहिलं नाही. सभासद कुठे होते ते! नियमावर बोट ठेवण्यात आपला हात कोण धरणार?

सेक्रेटरींनी विचार केला, हे पान पुस्तकात नको. आनंदाच्या प्रसंगी जुनी मढी कशाला उकरायची? त्यांनी वही मिटली.

दाराबाहेर कोणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

"मीच रे..."

आवाज ओळखीचा. व्हरांड्यात अंधार. उंबऱ्यापलीकडे काळा कोट. चेहरा दिसेना.

"अण्णा... आत या ना."

"आत कसा येऊ? काढलंय ना मला."

सेक्रेटरींनी मिटलेली वही छातीशी धरली.

"एवढंच विचारायचं होतं... माझ्या शोकसभेची तारीख लागली का रे?"

...

सेक्रेटरी मला म्हणाले, "ते रागावले असते ना, तर बरं झालं असतं." राग नव्हताच. वर्षानुवर्षं खेटे घालणारा पक्षकार विचारतो, तसं विचारलं त्यांनी.

सेक्रेटरींनी वही टेबलावर ठेवली. ते उठले. दाराकडे तोंड करून उभे राहिले. मान खाली घातली. डोळे मिटले.

एक मिनिट...

मागे, रिकाम्या खोलीत, काहीतरी सरकलं.

मग आणखी एक.

मग कितीतरी...

ते वळले नाहीत. रडत रडत दोन मिनिटं पुरी केली. डोळे उघडले, तेव्हा दारात कोणी नव्हतं.

मग वळले.

झाडलोट झाली की आपला शिपाई सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून जातो. सेक्रेटरींनी बसायला त्यातली एकच खाली घेतली होती. आता एकही टेबलावर नव्हती. सगळ्या जमिनीवर, ओळीने. आणि माणसं एकदम उठून उभी राहिली की सरकतात ना... तशा, मागे सरकलेल्या.