राळ, तुरटी आणि मोघेसाहेब

माझ्या रद्दीच्या ढिगात एक माणूस उकिडवा बसलेला दिसला, आणि मी आधी त्याचे बूट पाहिले. चोराच्या बुटांना एवढं पॉलिश नसतं. म्हणजे हा चोरापेक्षा वाईट कुणीतरी असणार, हे मी तिथंच ओळखलं.

“ओ, उठा तिथनं!”

तो दचकला. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात वहीचं फाटकं पान. बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती, आत यंत्राची गरम वाफ. साहेबाच्या चष्म्यावर अशी वाफ धरली होती की मी त्याला दिसतच नव्हते. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला, आणि मग पाहिलं माझ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“आपण मुक्ताबाई का?”

“आपण कोण ते आधी सांगा. आणि बाई म्हणू नका, चोविसावं चालू आहे मला.”

“यज्ञेश्वर मोघे. कन्सल्टंट.”

“म्हणजे काय करता?”

“कारखाना आजारी पडला की तपासायला येतो.”

“मग नाडी यंत्राची बघा. माझ्या ढिगात काय ठेवलंय?”

“ताप कुठून चढतो ते शोधतोय,” तो म्हणाला, आणि हसला. दात बरे होते. हसणाऱ्या माणसावर मी तेव्हाही विश्वास ठेवत नव्हते, आताही ठेवत नाही.

हे सत्याऐंशी सालचं. हडपसरच्या पुढे, नदीच्या अंगाला आमचा कागदाचा कारखाना होता. शहर तेव्हा तिथवर पोचलं नव्हतं. रद्दीचा लगदा करून त्याचा वह्यांचा कागद काढायचा, हे काम. रद्दी वेचायच्या शेडमध्ये आम्ही अठरा बायका आणि त्यांची मुकादम मी. चौथी शिकलेली. वडील गेल्यावर दोन भावांची शाळा माझ्या अंगावर आली, म्हणून लग्न राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

त्या पावसाळ्यात आमचा कागद बिघडला. पोरांनी पेनाने लिहिलं की शाई फुटायची, अक्षराला मिशा यायच्या. अप्पा बळवंत चौकातल्या व्यापाऱ्यांनी दोन ट्रक माल परत पाठवला. मालक हिंदुराव सगळ्यांसमोर म्हणाले, “दोष वेचणीत निघाला, तर शेडला कुलूप. तयार लगदा बाहेरून आणीन.” आणि तो दोष काढायला पुण्यातून, सदाशिव पेठेतून, हा बुटवाला आणला होता. त्याने दोष शोधायचा, आम्हाला कागदाचं रसायन शिकवायचं, आणि पुढच्या शनिवारी लेखी अहवाल द्यायचा. आता सांगा, अशा माणसाकडे मी पंचारती घेऊन जाणार होते का?

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास त्याची शाळा भरायची. फळा नाही, गठ्ठ्यावर बसून.

“लगद्यात आपण राळ घालतो,” तो सांगायचा. “राळेमुळे कागद पाणी पीत नाही. पण राळ आपली आपण धाग्याला चिकटत नाही, तिला तुरटी लागते. तुरटी म्हणजे मध्यस्थ.”

“म्हणजे आमची सोजरबाई,” मी म्हटलं. “गावातली निम्मी लग्नं हिनेच जुळवलीत.”

बायका खिदळल्या. सोजरबाई साठीची, विधवा, शेडमधली सगळ्यात जुनी. ती साहेबाला विचारते, “तुमचं झालंय का वो?”

“नाही अजून.”

“का? काय खोट हाय?”

साहेब लाल झाला. मी खाली मान घालून रद्दी वेचत राहिले... पण कान तिकडेच होते, खोटं कशाला बोलू.

त्याच्याकडे कागद तपासायचं एक लोखंडी कडं होतं. कागदावर कडं ठेवायचं, त्यात पाणी ओतायचं, मिनिटभराने टिपून घ्यायचं आणि काट्यावर तोलायचं. कागद किती पाणी प्यायला ते कळतं म्हणे. मी दोन दिवस तो खेळ पाहिला. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. कागदाचा कोपरा उचलला, जिभेला लावला, सोडवला.

“हा पितोय.”

“काय?”

“जिभेला चिकटला. पक्का कागद जिभेवरनं निसटतो, कच्चा धरून बसतो. वडिलांनी शिकवलं होतं मला.”

त्याने काट्यावर पाहिलं. मग माझ्याकडे. मग दुसरा कागद पुढे केला. “आणि हा?”

“हा जरा बरा.”

काट्यानेही तेच सांगितलं. साहेबाने स्वतः एक कोपरा चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“मला काहीच कळत नाही.”

“तुमच्या जिभेला सवय नाही. श्रीखंडावर वाढलेली ती.”

“तुमची फार धारदार आहे, हे मात्र कळलं.”

त्या दिवसापासून रोज सकाळी तो पाच-सहा कागद घेऊन माझ्याकडे यायचा. मी चाटून सांगायचे, तो आपल्या काळ्या वहीत काहीतरी लिहायचा. काय लिहायचा ते दाखवायचा नाही. मी वाकून पाहिलं की वही मिटायचा. आता तुम्हीच सांगा... सरळ माणूस वही मिटतो का?

मंगळवारी सकाळी कागद तोंडाला लावला, आणि मी थबकले. कागद जिभेवरून निसटला. पक्का होता. पण मागे तोंडात तुरट चव राहिली, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. म्हणजे लगद्याच्या हौदात तुरटी वाढवली होती. कुणी? साहेबानेच. त्याशिवाय हात कोण लावणार?

मी “पक्का,” एवढंच म्हटलं. तो “हं” म्हणाला आणि वहीत लिहिलं.

बुधवारीही तुरट. गुरुवारीही. शाई फुटायची थांबली होती, आणि साहेब तरी रोज येत होता. तेच कागद, तोच प्रश्न. “आज कसा आहे, मुक्ता?” ...बाई कधी गळून पडलं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. याला रोग सापडलाय. सापडलाय आणि हा बोलत नाही. गोड बोलून माझ्याच तोंडून काहीतरी काढून घेतोय, आणि शनिवारी अठरा जणींच्या पोटावर पाय देणार.

सोजरबाई म्हणाली, “अगं, त्यो तुझ्याकडं बगतो.”

“मांजरही दुधाकडे बघतं, सोजरबाई. दुधाचं लग्न करायला नाही.”

शुक्रवारी साहेब हौदाकडे गेला आणि काळी वही गठ्ठ्यावर विसरला. उघडली मी. हो, उघडली! इंग्रजी मला येत नाही, पण पानापानावर एक शब्द मराठीत होता. मुक्ता. मुक्ता. मुक्ता. पुढे आकडे. दहा पानं भरून माझं नाव. आरोपीचं असतं तसं.

तो परत आला तेव्हा वही माझ्या हातात होती.

“हे काय आहे?”

“ते... नोंदी आहेत.”

“माझ्या गुन्ह्यांच्या?”

“तुमच्या जिभेच्या. तुम्ही काय म्हणालात आणि काटा काय म्हणाला. चाळीस कागद तपासले आपण. काटा आणि तुम्ही फक्त दोनदा वेगळं बोललात.” मग म्हणाला, “त्यातही एकदा काटाच बिघडलेला होता.”

स्तुतीने मी पाघळत नाही. “मंगळवारी तुरटी का वाढवली?”

त्याने वही माझ्या हातातून काढून घेतली.

“जिभेला कळतं, साहेब. तीन दिवस तुरट कागद चाटतेय मी. तुम्हाला दोष सापडलाय. कुणाचा आहे?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. माझा डबा उघडाच होता, भाकरीवर लिंबाची फोड. त्याने ती उचलली आणि माझ्या एक नंबरच्या ढिगातलं मासिकाचं एक पान घेतलं. गुळगुळीत, आरशासारखं. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले.

पान फसफसलं. बारीक बारीक बुडबुडे आले.

“खडू,” तो हळूच म्हणाला. “या चकाकीला खडूचा लेप असतो. लगद्यात गेला की तुरटी खाऊन टाकतो. मग राळ धाग्याला धरत नाही, आणि शाई फुटते. जास्त तुरटी घालून मी तात्पुरतं भागवलंय, पण ते रोजचं औषध नव्हे.”

मी माझ्या ढिगाकडे पाहिलं. शेडमधल्या प्रत्येक बाईला मीच शिकवलं होतं... जेवढं चकचकीत, तेवढं एक नंबर. कसबा पेठेतल्या बाइंडरांची साधी पांढरी कात्रणं मी दोन नंबरात टाकायला लावत होते, आणि ही रंगीत नटवी अभिमानाने वरच्या ढिगात! दहा दिवस मी चोर शोधत होते. चोर मुकादमच निघाली.

“अहवालात लिहिलंत?”

त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. कोरं होतं.

“मंगळवारीच लिहायला हवा होता,” तो म्हणाला. “पण वेचणी असा शब्द लिहिला की मालक कुलूप लावणार. आणि दुसरं...”

“दुसरं काय?”

“अहवाल दिला की माझं इथलं काम संपतं.” चष्मा काढून पुसायला लागला. वाफ नव्हती तेव्हा. “काम मंगळवारीच संपलंय, मुक्ता.”

“मग तीन दिवस माझ्याकडून कागद का चाटून घेतले?”

तो चष्मा पुसतच राहिला. माझे कान मात्र तापले. राग होता असं मी स्वतःला सांगितलं.

“लिहा,” मी म्हटलं. “मुकादमीण चुकली, असं लिहा. मला कुणाचं पांघरूण नको.”

शनिवारी त्याने अहवाल वाचायच्या आधीच मी मालकांसमोर उभी राहिले. एका हातात मासिक, दुसऱ्या हातात लिंबू.

“चूक माझी आहे, मालक. चकचकीत ते चांगलं, हे मी शिकवलं.” आणि त्यांच्या टेबलावरच पान फसफसवून दाखवलं. “आता अठरा जणी लिंबू घेऊन बसतील. खडूचं एक पान हौदात जाणार नाही. बाहेरच्या लगद्यात काय आहे ते तुम्हाला कोण चाटून सांगणार?”

हिंदुरावांनी साहेबाकडे पाहिलं. “हिचं बरोबर आहे?”

“माझ्या अहवालात शेवटची ओळ तीच आहे,” मोघे म्हणाला. “रात्री लिहिली. शेड ठेवा, आणि तपासणी मुक्ताबाईंकडे द्या. माझ्या काट्यापेक्षा भरवशाच्या आहेत.”

मालकांनी कपाळाला हात लावला. “एक महिना. महिनाभरात एकही वही परत आली, तर सगळ्या घरी.”

महिनाभर शेडमध्ये लिंबांचा वास होता. एकही वही परत आली नाही. साहेबही आला नाही. मी म्हटलं, बघा, बोललेच होते. हौदाजवळ कुणाचा चष्मा धुरकटला की मान उगीच वळायची, पण ती सवय असेल...

एकतिसाव्या दिवशी फाटकाशी स्कूटर थांबली. तेच बूट, आज चिखलाने माखलेले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

“तुमच्या नव्या मालातला आहे. वहीच विकत घेतली.”

निळ्या शाईने लिहिलं होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, तो पावसात उभा राहिला.

‘अहवालात न लिहिलेली गोष्ट. मला इथे रोज यायचं आहे. कागदासाठी नाही. तुमच्या घरी कुणाला विचारू?’

सोजरबाई शेडच्या दारातून पदर तोंडावर धरून बघत होती. मध्यस्थच ती.

मी आधी शाई पाहिली. एकाही अक्षराला मिशी नव्हती. मग कागदाचा कोपरा जिभेला लावला. निसटला.

“पक्का आहे,” मी म्हटलं.

“आणि माणूस?” त्याने विचारलं. चष्म्यावरून पाणी गळत होतं बिचाऱ्याच्या.

“त्याची खात्री नाही अजून.” मी कागदाची घडी घालून कमरेला खोचली. “रोज तपासावा लागेल.”

तपासतेय अजून.