शेवटच्या डब्याची साखळी

ही गोष्ट रचलेली नाही. अमीरबी माझी शेजारीण. या वयात तिला खोटं बोलून काय मिळवायचंय?

रात्रीचीही नाही. गेल्या पौषातली, भर दुपारची. कळंब्याच्या तलावामागं तिचं शेत आहे, तिथली.

तिचा नवरा अल्लाउद्दीन एका बागेत लहान मुलांची झुकझुक गाडी चालवायचा. बाग बंद पडली, गाडी गंजायला टाकली. अल्लाउद्दीननं ती उचलून शेतात आणली. उसाची एक पट्टी मोडून गोल रूळ टाकले, लाल-पिवळा रंग दिला. पार बिद्रीहून ट्रॅक्टर भरून पोरं यायची. काय गोंगाट असायचा तेव्हा!

त्याची शिस्त एकच. मागच्या डब्यापासून सुरुवात. दाराची साखळी अडकवायची, डब्यावर थाप मारायची, मग पुढचा डबा. सगळ्या साखळ्या लागल्याशिवाय गाडी हलायची नाही.

तो गेला. वर्षाच्या आत मुलानं, उजैरनं, गाडी भंगारात काढली. तिथं प्लॉट पाडायचे होते.

त्या दुपारी पिराजी भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. इंजिन टेम्पोत चढवलं. राहिले नुसते तीन डबे.

अमीरबी तरातरा आली आणि शेवटच्या डब्यात जाऊन बसली.

"चाची, उतरा की," पिराजी हसला. "पोरांची गाडी हाय, तुमी कुठं मावताय?"

"मावीन न्हाईतर फुटंन, तुला काय करायचंय? हात तर लाव डब्याला, तंगडं मोडून हातात दीन!"

"अम्मी, तमाशा करू नगंस," उजैर म्हणाला. "लोखंड हाय ते."

"लोखंड? मुडद्या, ह्याच लोखंडावर तुझी शाळा झाली. बाप मातीत गेला, आता त्याची हाडंबी इकतोस व्हय?"

उजैरही पेटला.

"पुढच्या डब्यापास्नं काप रं. बसू दे तिला."

पिराजीनं कटरची नळी उचलली...

आणि उसातली पाखरं गप्प झाली.

वारा होता. पानं हलत होती. सळसळ मात्र ऐकू येईना.

खर्र... खर्र...

अमीरबीच्या पायाशी लोंबणारी साखळी आपोआप वर उचलली गेली.

खर्र...

खट्.

मग डब्यावर थाप... थप्.

मधला डबा. खर्र... खट्... थप्.

मग पुढचा.

पिराजीच्या हातातली नळी गळून पडली.

डबे हलले.

जमीन सपाट. इंजिन टेम्पोत. तरी चाकं किरकिरली आणि गाडी सावकाश निघाली. उजैर पुढं आडवा झाला, छाती लावून रेटायला लागला. त्याच्या टाचा माती उकरत मागं मागं सरकत होत्या.

"अब्बा!" तो ओरडला. "न्हाई इकत, अब्बा! इंजिन परत ठेवतो! थांबा!"

गाडी थांबली.

पिराजी टेम्पो तिथंच टाकून पळाला होता. उजैर रुळात बसून लहान पोरासारखा रडत होता.

गाडी वाचली. अब्बानं राखली, असं उजैर सगळ्यांना सांगतो. अमीरबी त्याला काही बोलत नाही.

मला मात्र तिनं सांगितलं.

"तो ह्यांचा हात न्हवता गं. ह्यांनी जलमभर साखळी एका झटक्यात लावली. ह्याला आकडा घावत न्हवता. चाचपत हुतं... बारकी बोटं असल्यागत. आन् डब्यावर थाप बसली ती पार खाली, माझ्या गुडघ्याच्याबी खाली."

आता सुट्टीत पोरं येतात. "दादी, एक फेरी!" म्हणून कुंपणाला लोंबकळतात. अमीरबी काठी घेऊन धावते. "चालतं व्हा! पुन्यांदा हिकडं दिसलासा तर बघा!"

एवढी भांडून गाडी राखली ती काय पुजायला, असं बायका तोंडावर विचारतात. तीही त्यांना शिव्या घालते. खरं काय ते सांगत नाही.

"मग विकून टाक की एकदाची," परवा मी म्हणाले.

ती माझ्यावरच उखडली.

"आन् डबा न्हाई घावला म्हंजे ते पोर कुठं जाऊन बसंल? तुझ्या दारात?"

मी तडक घरी आले.

आता भर दुपारीही माझं दार लावलेलं असतं.