शीतपेटीतली बुरशी

शीतपेटीचं दार सताड उघडं होतं. आतला बर्फ वितळून फरशीवर पाणी पसरलं होतं आणि म्हातारे डॉक्टर स्टुलावर सुन्न बसले होते.

इथल्याच मातीतल्या एका बुरशीपासून त्यांनी लहान मुलांच्या तापावर औषध शोधलं होतं. बाहेरून येणारं औषध इथल्या आईबापांना परवडत नव्हतं. मूळ बुरशी फक्त याच पेटीत होती.

"आधी कुणी पाहिलं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मी," डॉक्टरांचा भाचा म्हणाला. मामांच्या हाताखालीच तो तयार झाला होता. त्याच्या दोन बोटांना पट्टी होती. "सकाळी आलो तर प्लग निघालेला. सगळं मेलंय. या कुप्या भट्टीत टाकू द्या, उगाच संसर्ग नको."

"कशाला हात लावलात का?"

"नाही."

"बोटांना काय झालं?"

"चहा सांडला."

बाई पेटीपाशी वाकल्या. वरच्या कप्प्यातल्या कुप्यांची लेबलं भिजून सुटली होती, शाई ओघळली होती. खालच्या कप्प्यात बुरशीच्या कुप्या होत्या. त्यांची लेबलं कोरडी, अक्षरं ठसठशीत.

"तुमच्या गाडीची चावी द्या."

भाच्याचा चेहरा उतरला. हवालदाराने डिकीतून एक जाड डबा आणला. झाकण काढताच पांढरी वाफ बाहेर आली; आत बुरशीच्या कुप्या होत्या.

"बर्फ वितळत होता तेव्हा खालच्या कप्प्यातल्या या कुप्या पेटीत नव्हत्याच," बाई म्हणाल्या. "नाहीतर वरचं पाणी यांच्यावरही गळलं असतं. या नंतर ठेवल्या, आणि सगळ्यांच्या आधी इथे तुम्ही होतात. कुणी तपासल्या असत्या तर त्या खोट्या निघाल्या असत्या, म्हणून जाळायची घाई. खरी बुरशी जगवायला कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, लागतो. तो उघड्या हाताने धरला की कातडी भाजते."

भाचा खालमानेने म्हणाला, "बाहेरच्या कंपनीने मोठी नोकरी देऊ केली होती. बुरशी घेऊन ये म्हणाले."

"अरे, मागायचीस," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या कुप्या मी स्वतः बांधून दिल्या असत्या. औषध कुणीही बनवावं."

"मामा, त्यांना ती इथे उरायला नको होती."

 डॉक्टरांनी हातमोजे चढवले, डबा उचलला आणि शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या शीतपेटीकडे निघाले.