गोंडी येते ती बाहेर बसली आहे

"पाय हलवणं बंद करा ना जी. बाक हलून राहिला."

मी वळून पाहिलं. मांडीवर फाइल, पाणी लावून बसवलेले केस, शर्टाची दुकानातली घडीही अजून मोडलेली नाही.

"मग दुसरीकडे बसा," मी म्हटलं.

"दुसरा बाकच नाही." आणि हसला... मेला, छान हसला.

गोंदियाच्या त्या खासगी दवाखान्यात रिसेप्शनची एकच जागा होती आणि मुलाखतीला उरलो होतो आम्ही दोघं. तो उमेंद्र, तिरोड्याचा. मी दामिनी, देवरीची. नोकरी लागली तर इथं खोली, स्वतःचा पगार. नाही लागली तर संध्याकाळची बस आणि काकाच्या दुकानात फुकट झेरॉक्स मारणं.

"तुमचा मोठा गुण कोणता?" त्यानं साहेबाच्या आवाजात विचारलं.

"पेशन्स," मी पाय हलवत म्हटलं.

"दिसून राहिलं."

हे इंटरव्ह्यूचे क्लासवाले सर सगळ्यांना बायोडाटात हेच लिहायला लावतात. पेशन्स, टीमवर्क, स्माइल. गोंडी येते हे मात्र लिहू नको म्हणाले, गावठी दिसतं. आणि मी ऐकलं! चीड येते ती त्याचीच.

तेवढ्यात एक म्हातारी आली, जंगलाकडची, हातात चिठ्ठी. या खिडकीवरून त्या खिडकीवर तिला नुसतं हाकलत होते. ती गोंडीत विचारत होती, माझ्या नातीला कुठं ठेवलं? कोणाला कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. मी उठले. तिच्याशी गोंडीत बोलले, खिडकीतल्या माणसाशी हिंदीत भांडले, तिला नातीच्या खाटेपर्यंत सोडून आले.

परतले तर उमेंद्र आत जाऊन बाहेरही आला होता.

"साहेबानं काचेतून त्या म्हातारीसाठी तुमचं भांडण पाहिलं. मले विचारलं, गोंडी येते का? म्हटलं नाही. येते ती बाहेर बसली आहे."

डोकंच फिरलं माझं. "तुले कोणी वकील नेमलं? मले भीक नको!"

"भीक कायची? खोटं बोललो असतो तर उद्या अशाच म्हातारीनं पकडलं असतं मले." मग खाली पाहत, हळूच... "आन् तू बसनं निघून गेली असती, तर मी तुले कुठं शोधलं असतं?"

माझं नाव पुकारलं. कान तापलेले, तशीच आत गेले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "पेशन्स नाही माझ्याकडे. माणसाला उगाच फिरवलं की राग येतो. गोंडी येते, छत्तीसगढी येते, भांडता येतं. पगार किती?"

साहेब हसले नाहीत. पगार सांगितला, म्हणाले, "सोमवारी या."

बाहेर तो बाकावरच होता. आता त्याचा पाय हलत होता.

"लागली," मी म्हटलं. त्याचं उतरलेलं तोंड पाहून शेजारी बसले. "तुझं कसं?"

"पाहू. गोंदियात दवाखाने का कमी आहेत? पण सोमवारी मी येऊन राहिलो... चहाले."

"सुट्टी केव्हा होईल माहीत नाही. वाट पाहावी लागेल. पेशन्स आहे?"

"बायोडाटात लिहिलाय."

"तो तर मीही लिहिला होता. खोटा."

"माझाही खोटाच —"

"मग खरा कर," मी म्हटलं, आणि त्याच्या हलत्या पायावर — अलगद — माझा पाय ठेवला.