सहावा दोर

सराव संपला; दोर गुंडाळून ठेवा आणि बसा. छताला भोके सहा आणि दोर पाचच का, असे तुम्ही मला केव्हापासून विचारता आहात. सांगतो. माझा मेहुणा डेनिस गॅरड याच्यावर चर्चच्या याच घंटांच्या मनोऱ्यात हा प्रसंग गुदरला.

तुम्ही टेकला आहात ती भिंत नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मनांनी रचलेली. कोपरे साधणारा घडीव दगड या मुलखात नाही, म्हणून गारगोट्यांचा हा मनोरा गोल. सभामंडप पुढे तीन शतकांनी जोडला आणि त्यावर शिशाचे पत्रे घातले. ते पत्रे चोरांनी एका रात्रीत उचलून नेले आणि पाऊस वेदीपर्यंत आला. डेनिस तेव्हा चर्चचा कारभारी होता. जुने पाद्रीघर विकत घेतलेले लंडनचे गृहस्थ नवे छत घालून देण्यास राजी झाले. अट एकच, घंटा कायमच्या थांबाव्यात. डेनिसने सही केली आणि सगळे दोर उतरवले.

क्लेमंट पास्कला मात्र त्याने हे सांगितले नाही. क्लेमंट त्याचा बालमित्र. सहावी, सर्वांत जड घंटा उभा जन्म त्यानेच वाजवलेली. आता तो अंथरुणाला खिळला होता. आपल्या वाजवणाऱ्यांतला कोणी गेला की घंटेतल्या लोलकाच्या एका बाजूला कातडे बांधतात. एक ठोका स्वच्छ पडतो, दुसरा भिंतीपलीकडून आल्यासारखा. आपण गेल्यावर तसे वाजवण्याचे वचन क्लेमंटने डेनिसकडून घेतले होते.

रविवारी खिडकी उघडी ठेवून क्लेमंट विचारी, "का रे, सगळे एकदम आळशी झालात की काय?"

"दोर दुरुस्तीला गेलेत," डेनिस म्हणे. "तू बरा हो, मग तूच ओढ."

"मी कसला बरा होतोय. माझ्या वेळेपर्यंत दोर आले म्हणजे झालं."

त्याला मूठमाती दिली तेव्हा एकही ठोका पडला नाही. त्याची बहीण आयव्ही डेनिसला एवढेच म्हणाली, "शेवटपर्यंत त्यानं खिडकी लावू दिली नाही."

तो नोव्हेंबरातला पहिला गुरुवार. त्याच रात्री अकराच्या सुमारास, नवे छत गळते का ते पाहायला डेनिस येथे आला. बाहेर पाऊस कोसळत होता. आत सारे कोरडे. वेदीपर्यंत जाऊन तो परत फिरला.

ठोका पडला.

जड. स्वच्छ.

मग दुसरा... दबलेला. भिंतीपलीकडचा.

पुन्हा स्वच्छ. पुन्हा दबलेला...

तो इथवर आला. वर पाहिले. सहा भोके. दोर एकही नाही.

"क्लेम," तो म्हणाला, "छतासाठी केलं रे."

ठोके थांबले.



उजाडल्यावर मी आणि तो वर चढलो. वाजवण्यापूर्वी घंटा झुलवत झुलवत उलटी करतात, तोंड आभाळाकडे, याला घंटा उभी करणे म्हणतात; आणि काम होताच ती खाली उतरवतात, कारण उभ्या घंटेचा दोर बेसावध ओढणाऱ्यालाच वर खेचून नेतो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले आहे. पाच घंटांची तोंडे खाली होती. सहावी उभी होती. दोर ज्यावर बांधतात त्या तिच्या चाकावर दोर नव्हता.

डेनिसने करार मोडला. पाच दोर स्वतःच्या हातांनी परत बांधले. सहावा घेऊन वर गेला आणि तसाच खाली घेऊन आला. तो तिथे खुंटीला आहे.

तिला उतरवायचे तर तो दोर बांधून कोणीतरी धरायला हवा, आणि धरणाऱ्याला वर कोण खेचेल ते आम्हाला ठाऊक आहे.

ती अजून उभी आहे.