नत्थुजीच्या वावरातली खिरापत

देवमनचा भोंगा वाजला की राजापेठेतल्या म्हशी पान्हा चोरायच्या. खोटं नाही सांगत. अब्दुल रहीम टिनवाल्यानं तो भोंगा बनवला, आणि बनवल्यावर स्वतःच कानांत कापूस कोंबून बसला. वऱ्हाडात कापसाला काय तोटा!

तेव्हा अमरावती गावाबाहेर पाय पसरत होती. तेल्हाऱ्याहून आलेल्या देवमनच्या डोक्यात एकच वेड होतं. कोणाची मोकळी जागा शोधायची, तिचे तुकडे पाडायचे, आणि भाड्याच्या खोलीत पाय दुमडून झोपणाऱ्यांना ते हप्त्याहप्त्यानं द्यायचे. दलालांच्या ओट्यावर या पोराला उभं कोण करणार? मग त्यानं सायकल काढली, भोंगा तोंडाला लावला आणि दारोदार निघाला —

"मोकळी जागा इकायची असन तं सांगा होऽऽ! रोख इसार, गोड व्यवहार!"

असाच ओरडत एका संध्याकाळी तो वळणावर आला आणि थेट पोरींच्या घोळक्यात शिरला. भुलाबाईचा महिना होता. पोरी घरोघर गाणी म्हणत हिंडत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे होती चतुराबाईची लेक मैना, हातात खिरापतीचा झाकलेला डबा घेऊन. सायकलचं चाक त्या डब्यापासून चार बोटांवर थांबलं.

"डोळे आहेत, का नुसता भोंगाच आहे?" मैना म्हणाली.

"डोळे होते जी... आत्ताच कामातून गेले."

पोरी फिदीफिदी हसल्या. मैना हसली नाही, म्हणजे तिचे ओठ हसले नाहीत. डोळ्यांचं मी काही सांगत नाही.

"आमच्या इथं भोंगा कायचा वाजते, मालूम आहे? लिलावाचा! तुमी दारात येऊन लिलावावानी बोंबलता, अन् मानूस म्हनन, या बाप्पा, माई जमीन घ्या?"

"मंग कसं इचारू?"

"खिरापत कशी वळखतेत? डबा हालवा, वास घ्या, घरवालीच्या तोंडाकडं पाहा. घाई केली का हरले." तिनं डबा पुढे केला. "वळखा."

देवमननं डबा हलवला. वास घेतला. घरवालीच्या तोंडाकडे मात्र जरा जास्तच वेळ पाहिलं.

"करंज्या?"

"हट! उकडलेल्या शेंगा."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच वळणावर हजर. पुन्हा हरला. तिसऱ्या दिवशी मुरमुऱ्यांना त्यानं खोबरं म्हटलं. असा हरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात झाला नाही, आणि इतक्या आनंदानं हरणारा तर बाकीच्या जिल्ह्यांतही नाही. अखेर मैनेलाच त्याची दया आली.

"आयका. नत्थुजीचं वावर आहे ना, राजापेठेच्या पल्ल्याड? आमी रोज त्याइच्या घरी जातो. सुंदराकाकू खिरापत देताना वावराकडं पाहाते अन् सुस्कारा टाकते. म्हातारा-म्हातारीले मोझरीच्या आश्रमात जाऊन राहाचं आहे, पन दलालाले जमीन द्याची नाही. तुमी जा. भोंगा घरी ठेवा. बसा, पानी प्या, मंग बोला."

देवमन गेला, बसला, तीन तांबे पाणी प्यायला. नत्थुजींनी इसार घेतला. तेल्हाऱ्याची कपाशी विकून देवमननं गाठीला बांधलं होतं ते सगळं त्या इसारात गेलं. बाकीचा पैसा तुकडे घेणाऱ्यांच्या हप्त्यांतून हळूहळू घ्यायला म्हातारा तयार झाला. अट मात्र एकच.

"कोजागिरीले चंद्र निंगाला का माया वावरात मानसं उभी दाखव. एकूनएक तुकड्यात मानूस पायजे. राहनारा, दलाल नाही. एक जरी तुकडा खाली राह्यला, तं सौदा मोडला, इसार बुडाला."

इसार बुडाला की तेल्हाऱ्याला मामाच्या दुकानात तराजू धरायचा. तराजूचं काही नव्हतं. पण तेल्हाऱ्यात "वळखा" म्हणणारी कोणी नव्हती.

आणि मग गंमत झाली. त्या संध्याकाळपासून राजापेठेच्या अंगणाअंगणांत टिपऱ्यांवर नवंच गाणं ऐकू येऊ लागलं —

*भुलाबाई भुलाबाई, राहता कुठं?*
*भाड्याच्या खोलीत, पाय पुरं ना तिथं!*
*भुलाबाई भुलाबाई, जाता कुठं?*
*नत्थुजीच्या वावरात, आभाळ मोठं!*

पोरी गायच्या, आया ऐकायच्या आणि रात्री नवऱ्यांना झोपू द्यायच्या नाहीत. चतुराबाई बायकांची भिशी चालवायची. भिशीतल्या बायकांनी ठरवलं, यंदा बांगड्या-पाटल्या नाहीत, पहिला हप्ता. देवमनचं तोंड उघडंच राहिलं. सायकल झिजवून जे जमलं नाही, ते मैनेनं टिपऱ्यांवर जमवलं!

पण माणूस खुशीत आला की अक्कल खुंटीला टांगतो. एका सकाळी देवमननं पुन्हा भोंगा काढला. "नत्थुजीचं वावर! नत्थुजीचं वावर होऽऽ!"

दुपारपर्यंत नत्थुजींचे सोयरे भाकरी बांधून सांत्वनाला आले. एक मावशी तर वेशीपासूनच रडत आली.

"माया घरावर जप्ती आली का रे?" नत्थुजी देवमनवर ओरडले. "माई दवंडी पिटली! ने तुया इसार!"

"कोजागिरीचा शब्द देल्ला ना तुमी?" आतून सुंदराकाकू म्हणाली. "मंग तवर थांबा."

देवमन मान खाली घालून मैनेच्या दारात आला.

"आना तो भोंगा." मैनेनं तो हिसकावला, अंगणात पालथा घातला आणि त्याखाली कोंबडी डालली. ती कोंबडी पहाटे आरवायची ते बडनेऱ्यापर्यंत ऐकू जायचं. कोंबडी आरवत नाही म्हणता? भोंग्याखाली डालून पाहा.

"आता कोजागिरीपर्यंत एक शब्द बोलाचा नाही," ती म्हणाली.

"मनातलंबी... नाही?"

मैना वळली. दाराच्या आडून तिचा आवाज आला. "ते भोंग्यानं सांगू नका म्हंजे झालं."

कोजागिरीला सकाळी देवमननं वावरात चुन्याच्या फक्क्या मारून तुकडे आखले. आणि दुपारी परतीचा पाऊस आला. घटकाभर कोसळला, गेला. चुना सगळा नांगराच्या तासांतून दुधासारखा वाहून गेला. राहिलं काळं ओलं रान, आणि त्यात चिखलात उभा देवमन.

दिवस मावळला. नत्थुजी आणि सुंदराकाकू बांधावर बसले होते. पूर्वेला चंद्राची लाल कड दिसली.

"कुठं आहेत रे तुये मानसं?"

देवमननं राजापेठेच्या वाटेकडे पाहिलं. आणि मग तिकडून गाणं आलं. आधी गाणं, मग उजेड. एक कंदील, मागे दुसरा, मागे रांगच. पोरी पुढे, आया मागे, त्यांच्यामागे खांद्यावर पोरं घेतलेले बाप. भुलाबाईची शेवटची फेरी मैनेनं वावरात आणली होती. अब्दुल रहीम स्वतः बनवलेला कंदील घेऊन आला होता, सोबत त्याची बायको आबेदाभाभी. तिनं विचारलं, "अरे, हमारा कोना किधर है?"

कोणी सांगितलं नाही, तरी माणसं आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. चुना नव्हता, पण कंदील होते. बघता बघता त्या काळ्या रानात गाव उगवलं. भिंत नाही, दार नाही, नुसता उजेड आणि उजेडात चेहरे. बायका पायानं माती चाचपत होत्या. इथं चूल... इथं तुळस... वर चंद्र आला. इतकी वर्षं मी गप्पा हाणतोय, पण त्या रात्रीला तिखटमीठ लावायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

नत्थुजी उभे राहिले. डोळे पुसले. मग बोट वर केलं.

"तो कोपरा अंधारा आहे."

खरंच होता. बोरीजवळचा शेवटचा तुकडा. देवमन बोटांवर कंदील मोजू लागला.

तेव्हा चतुराबाईच्या उजेडातून एक कंदील सुटा झाला आणि चालत चालत बोरीखाली जाऊन थांबला. मैना होती.

"भरला!" ती म्हणाली.

"कोनाचा आहे पोरी?" नत्थुजींनी विचारलं.

"इसार ज्यानं देल्ला, त्याले काई घर नको का?"

चतुराबाई खोकली. सुंदराकाकू मात्र खुदकन हसली, आणि सौदा तिथंच पक्का झाला.

देवमन बोरीखाली आला. मैनेनं डबा पुढे केला. "शेवटची खिरापत. वळखा."

त्यानं डबा हलवला. आवाज नाही. वास घेतला, ओला. तोंडाकडे पाहिलं, तर ते खाली.

"हरलो," तो हळूच म्हणाला.

तिनं झाकण काढलं. आत त्याच वावरातली मूठभर माती, आणि मातीवर एक बंदा रुपया.

"हे काय?"

"इसार."

"कोन्या जागेचा?"

"जागेचा नाही..." कंदील थोडा हलला. "मानसाचा. आता दुसऱ्या कोनाले दाखवाचा नाही."

देवमननं काय उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. भोंगा कोंबडीवर होता ना. पण मैनेनं वात बारीक केली, तरी तो कोपरा काही अंधारा झाला नाही.